जलरंग: वर्षभराच्या कामात बाकी सुधारणा, गडद सावल्या मात्र मळकटच. मदत हवी आहे

वर्षभराची जलरंगातली चित्रं तारखेनुसार ओळीने लावली आणि प्रत्येकाचा कृष्णधवल फोटो काढून तुलना केली. उजेड-सावलीतला फरक, कडांवरचा ताबा, कागदाचा पांढरा भाग राखणं यांत प्रगती स्पष्ट दिसते. गडद सावल्या तेवढ्या होत्या तिथेच आहेत, मळकट आणि निर्जीव.

कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). रंग ट्यूबमधले. सावली तीन थरांत: आधी क्विनाक्रिडोन रोज (गुलाबी), त्यावर अल्ट्रामरीन (निळा), शेवटी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). तिसरा थर देताना खालचं अल्ट्रामरीन सुटतं, वरच्या रंगात कालवलं जातं आणि ब्रश फिरला तिथे फिकट पट्टे उमटतात.

प्रत्येक थर रात्रभर वाळू दिला. हाताची मागची बाजू टेकवून कागद गार लागत नाही, हेही पाहिलं. मऊ केसांचा चपटा ब्रश एकाच दिशेने, पुन्हा न फिरवता वापरला. पट्टे कमी झाले, मळकटपणा तसाच. अल्ट्रामरीनऐवजी थॅलो ब्लू घेतला तर तो कागदात मुरतो, सुटत नाही. पण अल्ट्रामरीनचा दाणेदार पोत जातो, आणि सावलीत जीव असतो तो त्या पोतामुळेच, त्यामुळे तो सोडायचा नाही. काळा रंग आणि ग्वाशही (अपारदर्शक जलरंग) नको.

मग मुरणारे रंग खाली देऊन अल्ट्रामरीन शेवटच्या थरात ठेवावं, की अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवून एकाच ओल्या थरात सावली संपवावी? आणि एकाच थरात करायची, तर वाळल्यावर रंग फिकट होतो हे धरून ओला असताना तो कितपत गडद ठेवता?