परिक्रमेतल्या माणसाला घरचं कळवायचं की नाही?

माळवी मिरची:
काल इथे कुणीतरी सल्ला दिला, 'प्रवासातल्या माणसाला घरची गोड बातमीच द्यावी, बाकीचं परतल्यावर.' वाचून डोकं तडकलं. आमचे बाबा ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला गेले होते. इकडे देवासजवळच्या वाड्यात आजी न्हाणीत घसरली, खुबा मोडला. फोनवर मात्र आई म्हणायची, "सासूबाईंनी यंदा कैरीचं लोणचं घातलंय." आजी गेली, काकांनी अग्नी दिला, तेही लपवलं. बाबा परतले ते तिसऱ्या मासिक श्राद्धाला. ओसरीत दंड टेकवला आणि पाय धुवायच्या आधी विचारलं, "लोणचं कुठंय?" बाबा आता लोणच्याला हात लावत नाहीत.

क्षेमकरी:
तो सल्ला माझाच. मैया ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, असे नियम पाळत अडीच हजार किलोमीटरच्या वर चालणारा माणूस. कळवलं असतं तर संकल्प अर्ध्यात मोडून आले असते आणि पुढे जन्मभर आईलाच बोल लावला असता. शिवाय येऊन खुब्याला काय करणार होते?

माळवी मिरची:
खुब्याला काही नाही हो ताई. स्वतःच्या आईशी बोलले असते.

टपालवेडा:
पत्रं होती तेव्हा हा घोळ नव्हता. वर 'इकडील सर्व क्षेम', खाली समासात आडवं 'काकूंना जरा बरं नसते'. समजणाऱ्याला समजायचं. कार्डाचा कोपरा फाटलेला दिसला की कुणीतरी गेलं, न वाचताच आंघोळ.

सराफ्यातलं घुबड:
कोपरा फाडणं हिंदीवाल्यांचं, भिया. आपल्यात नव्हतं.

टपालवेडा:
आमच्या ग्वाल्हेरच्या आत्याची कार्डं ट्रंकेत पडली आहेत, या बघायला. पक्की कोकणस्थ होती.

सराफ्यातलं घुबड:
मग ग्वाल्हेरला बिघडली असेल. आमच्याकडे अशा बातमीला तारच. तार आली की आजी आधी रडून घ्यायची, मग फोडायला द्यायची. एकदा आतून निघालं, मामाला मुलगा झाला! 2013 च्या जुलैत तार बंद झाली, सुटलो.

टपालवेडा:
सुटलात? 50 पैशांचं कार्ड आजही मिळतं. त्यावर चार ओळी खरडायला हात मोडतात, आणि 'सगळं मस्त' म्हणून अंगठा पाठवायला मोकळे.

माळवी मिरची:
पोस्ट खात्याची वकिली दुसरीकडे करा. इथे माझ्या आजीचं चाललंय.

टपालवेडा:
तुमच्या बाबांना एखाद्या आश्रमाच्या पत्त्यावर कार्ड गेलं असतं, तर हे रडगाणंच नसतं.

माळवी मिरची:
रडगाणं? तुमच्या घरात मेलेल्या बाईच्या हातचं लोणचं वाढलंय कुणी?

क्षेमकरी:
भांडू नका. बरं, खुबा आणि मरण कळवावं, मानलं. पण भिंत खचली, गाय आटली, हे नाही म्हणजे नाही. आमचे हे सध्या लेकाकडे बोस्टनला आहेत. परसातला त्यांच्या वडिलांनी लावलेला आंबा गेल्या आठवड्यात वाळवीपायी पाडावा लागला. रोज विचारतात, मोहोर कसाय? भरपूर आहे, सांगते. इथल्या कुणी त्यांना कळवलंत तर गाठ माझ्याशी आहे.