वाळ्याच्या सरबतात इसेन्स जास्त झाला आहे. साधा पाक किती मिसळावा?

प्रश्न (अमळनेर)

आखाजीला माहेरवाशिणी येतील तेव्हा घरचेच वाळ्याचे सरबत द्यावे, म्हणून काल दोन किलो साखर आणि एक लिटर पाणी घेऊन पाक केला. इसेन्सच्या बाटलीवर एक लिटर पाकास ५ मि.लि. असे प्रमाण दिले आहे. पाक वजनात तीन किलो भरला, म्हणजे तीन लिटर झाला असे धरून तो निवल्यावर त्यात १५ मि.लि. इसेन्स आणि ९ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातले. आता सरबत घशाशी कडवट लागते आणि औषधासारखा वास येतो. एवढी साखर वाया घालवणे मनाला पटत नाही. हे कसे सुधारावे?

उत्तर (भुसावळ)

ताई, इसेन्स तुम्ही बरोबर मोजला, पण पाक किलोत मोजून लिटरचे प्रमाण लावले. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असलेला पाक पाण्याहून बराच जड असतो. त्याचे एक लिटर सुमारे १.३३ किलो भरते. त्यामुळे तुमचा तीन किलो पाक प्रत्यक्षात सव्वादोन लिटरच आहे आणि त्यात लिटरमागे ६.७ मि.लि. इसेन्स पडला आहे.

घातलेल्या इसेन्सला हव्या असलेल्या प्रमाणाने भागावे. १५ भागिले ५, म्हणजे एकूण तीन लिटर पाक हवा. त्यातून सव्वादोन वजा केल्यास पाऊण लिटर साधा पाक मिसळावा लागेल. आंबटपणाही त्याच हिशेबाने पातळ होईल, म्हणून या नव्या पाकात ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आधीच विरघळवून घ्यावे.

उत्तर (शहादा)

वरील हिशेब योग्य आहे, तरी सगळा पाक एकदम ओतू नये. जुन्या पाकाचे ९० मि.लि.चे तीन नमुने काढून त्यांत अनुक्रमे १०, २० आणि ३० मि.लि. साधा पाक मिसळावा, आणि प्रत्येकाचा एक भाग पाच भाग गार पाण्यात घालून चव पाहावी. नुसता पाक चाखून निर्णय घेऊ नये, कारण गोडीच्या भरात वास नीट कळत नाही.

पुढच्या वेळी १ मि.लि. इसेन्स ९ मि.लि. पाकात मिसळून ठेवावा. या मिश्रणाच्या १ मि.लि.मध्ये ०.१ मि.लि. इसेन्स येतो, त्यामुळे साध्या सिरिंजनेही थोडे थोडे वाढवत अचूक मापता येते. कमी पडलेला इसेन्स केव्हाही घालता येतो. जास्त झालेला काढता येत नाही.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. मला २० मि.लि.चा नमुना किंचित उग्र आणि ३० मि.लि.चा उत्तम वाटला. सासूबाईंचे मत मात्र त्यांच्या मधले पडले. म्हणून ६०० मि.लि. साधा पाक मिसळून थांबले. आता लिटरमागे साधारण ५.३ मि.लि. इसेन्स आहे, कडवटपणा गेला आहे आणि पेला तोंडाशी नेताच वाळ्याचा वास येतो.