मदत हवी आहे: जिओथर्मल दुपारी सारखं ट्रिप होतंय

रानजाई (धागाकर्ती)
आमच्याकडे थंडाव्यासाठी जिओथर्मल आहे. वर घर आणि खाली लॅब, दोन्ही त्याच्यावरच चालतं. दुपार झाली की मशीन हाय प्रेशरचा एरर दाखवून बंद पडतं. रिसेट केलं की चालू होतं, तासाभरात परत तेच. ज्यांनी बसवून दिलं ते म्हणतात गॅस कमी झालाय, भरावा लागेल. मागच्या वेळीही हेच म्हणून गॅस भरून गेले, काडीचा फरक पडला नाही. लॅबमध्ये रीएजंट्स (तपासण्यांची रसायनं) आहेत, खोली तापून चालत नाही. ह्यातलं कुणाला कळत असेल तर प्लीज लवकर सांगा. गॅस भरून घेऊ की नको?

स्वच्छंद
बाहेरच्या युनिटची कॉइल धुतली आहे का? धूळ बसली की हाय प्रेशरवर ट्रिप होतंच. प्रेशर पंपाने आतून बाहेर धुवा आणि फॅनचा कपॅसिटर तपासून घ्या. आमच्या एसीला नेमका हाच त्रास होता, एका दिवसात सुटला.

रानजाई
बाहेरचं युनिट नाहीच हो. जिओथर्मल आहे म्हटलं ना. पाइप जमिनीत आहेत.

मृद्गंध
जिओथर्मल घरी? त्याला जमिनीखाली वाफ लागते. इटलीत लार्दरेल्लोला किंवा आइसलंडमध्ये शक्य आहे, रेक्याविकमध्ये घरंच्या घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापवतात. पण त्यातून थंडावा कसा मिळेल? तुम्हाला कुणीतरी भलतंच काही विकलं आहे असं वाटतं.

टेकडीवरून
मृद्गंध, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सांगताय ती पृथ्वीच्या पोटातली उष्णता. धागाकर्तीकडे आहे तो ग्राउंड सोर्स हीट पंप. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. उन्हाळ्यात हवा ४२ ला असताना खाली २६ असेल, तर उष्णता हवेत फेकण्यापेक्षा जमिनीत ढकलणं मशीनला सोपं जातं. थंडीत उलट, जमिनीतून उष्णता वर आणायची. झरे नकोत, वाफ नको. ही कल्पना नवीही नाही, हाइनरिश त्सोली ह्या स्विस इंजिनिअरने १९१२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

गेजवाला
रानजाई, गॅस अजिबात भरून घेऊ नका. गॅस कमी असेल तर मशीन लो प्रेशरवर ट्रिप होतं. तुमचं हाय प्रेशरवर होतंय. त्यात आणखी गॅस घातला तर प्रेशर अजून चढेल. मागच्या वेळी भरलेलाच जास्त झाला असण्याची शक्यता आहे.

आता हे सांगा: ओपन लूप आहे (विहिरीचं पाणी मशीनमधून नेऊन सोडून देणारा) की क्लोज्ड (जमिनीतल्या पाइपांत तेच पाणी फिरवणारा)? किती टन? बोअर किती, किती खोल, दोन बोअरमध्ये अंतर किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीनमध्ये येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान. ह्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

पाणकळा
क्लोज्ड लूप असेल तर मूळ दुखणं तिथेच आहे. जमिनीत प्लास्टिकचा पाइप पुरून त्यात तेच ते पाणी फिरवत बसायचं कशाला? विहिरीचं पाणी सरळ मशीनमधून न्या आणि दुसऱ्या बोअरमध्ये सोडून द्या. दर टनाला मिनिटाला ६ ते ११ लिटर पाणी पुरतं. अमेरिकेत पोर्टलंडला १९४८ साली बांधलेली इक्विटेबल इमारत विहिरीच्या पाण्यावरच्या हीट पंपांनी गरम आणि थंड व्हायची. तेव्हा जमलं, मग आता का नाही?

टेकडीवरून
पाणी कसं आहे ते न बघता असा सल्ला देऊ नका हो. कठीण पाणी असेल तर एक्स्चेंजरमध्ये (मशीनमधली उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) क्षार साचतात, लोह असेल तर लोहजिवाणूंचा तांबडा बुळबुळीत थर चढतो. मी उघडलेला एक एक्स्चेंजर आतून नारिंगी चिखलाने भरला होता, नळीत पेन्सिल जाईना. शिवाय पाण्याची पातळी उतरली की सगळंच बंद.

पाणकळा
मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर टाकला की विहिरीचं पाणी मशीनला शिवतही नाही. प्लेट उघडून साफ करता येतात. एका वाईट उदाहरणावरून पद्धतच मोडीत काढू नका.

रानजाई
क्लोज्ड आहे. विहीर नाही, त्यामुळे तो विषय सोडा प्लीज. १० टन. बोअर ८, प्रत्येक ८० मीटर, बिलावर तसं लिहिलंय. अंतर माहीत नाही. तापमान कुठे बघायचं?

गेजवाला
मशीनच्या तोंडाशी दोन पाइपवर छोट्या पितळी टोप्या असतील. टोपी काढली की रबरी भोक दिसतं, त्यात सुईसारखा थर्मामीटर घुसवायचा. बारीक असतो, एकदम ढकलू नका. पाणी आत येतं त्या पाइपचं आणि बाहेर जातं त्याचं, दोन्ही घ्या. एकदा भल्या सकाळी, एकदा दुपारी ट्रिप व्हायच्या आधी. आणि बोअर जिथे आहेत तिथे टेप लावून अंतर मोजा.

कोरडवाहू
अवांतर: मशीनला डीसुपरहीटर आहे का? कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम गॅसवर एक छोटा एक्स्चेंजर बसवतात, त्यातून अंघोळीचं पाणी गरम होतं. उन्हाळ्यात ते जवळपास फुकटच. माझ्या बहिणीकडे आहे, गीझर लागतच नाही.

स्वच्छंद
हे सगळं इतकं किचकट आहे तर अर्थ ट्यूब का नाही करत लोक? दोनेक मीटर खोल मोठा पाइप पुरायचा, त्यातून हवा ओढायची. कॉम्प्रेसरच नाही, बिघडायला काही नाही.

टेकडीवरून
दमट हवा थंड पाइपातून गेली की आत पाणी साचतं, उतार आणि निचरा नीट नसेल तर बुरशी धरते आणि तीच हवा घरात येते. लॅबला तर मुळीच नको. शिवाय ती हवा जमिनीच्या तापमानापेक्षा खाली जाऊ शकत नाही. रीएजंट्सच्या खोलीला ते पुरणार नाही.

रानजाई
मोजलं.
सकाळी: आत येताना ३८, बाहेर जाताना ४३.
दुपारी: आत ४५, बाहेर साडेपन्नास. त्यानंतर थोड्याच वेळात ट्रिप.
बोअरमधलं अंतर ३ मीटर, दोन रांगा. पार्किंगच्या फरश्यांखाली आहेत, झाकणं दिसतात म्हणून मोजता आलं.
पहिल्या उन्हाळ्यात स्क्रीनवर पाणी तिशीच्या जरा वर दिसायचं, ते आठवतंय.

गेजवाला
ह्या आकड्यांत सगळं आलं. बघा.

आत-बाहेर फरक ५ ते साडेपाच अंशांचा आहे. पूर्ण भारावर एवढाच असायला हवा. फरक १० वगैरे असता तर पाणी कमी फिरतंय म्हटलं असतं, म्हणजे पंप, गाळणी किंवा लूपमध्ये अडकलेली हवा. फरक खूपच कमी असता तर एक्स्चेंजरमध्ये थर बसलाय की काय ते बघावं लागलं असतं. दोन्ही नाही. पाणी व्यवस्थित फिरतंय, मशीन उष्णताही नीट टाकतंय. जमिनीतून परत येणारं पाणीच ४५ ला येतंय, ही खरी गोष्ट. एरवी डिझाइन करताना हा आकडा ३२ ते ३५ च्या वर जाऊ नये असं बघतात.

रात्रभरातही पाणी ३८ च्या खाली येत नाही, म्हणजे बोअरभोवतीची जमीनच तापलेली आहे. खोलीतून काढलेली उष्णता आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, दोन्ही तिथेच जातात. तुमच्या १० टनांना थंडावा ३५ किलोवॅट, जमिनीत जाते साधारण ४४ किलोवॅट. बोअर ३ मीटरवर असल्याने एकाची उष्णता दुसऱ्याच्या वाट्याला येते. निदान ६ मीटर तरी हवं होतं.

एक प्रश्न राहिला. लॅबमध्ये रात्री काय काय चालू असतं?

रानजाई
फ्रीज, डीप फ्रीझर, इनक्युबेटर, अॅनालायझर. ते तर चालूच असतात, लॅब आहे. खालची खोली चोवीस तास २२ ला ठेवावी लागते, थंडीतसुद्धा. हीटिंग आम्ही जवळजवळ वापरतच नाही.

टेकडीवरून
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! जमिनीचा हिशेब वर्षाचा असतो. उन्हाळ्यात टाकलेली उष्णता थंडीत काढून घेतली तर तो जुळतो. तुमच्याकडे बारा महिने नुसती भरच पडतेय. निव्वळ घर असतं तर हाच लूप कदाचित बरीच वर्षं चालला असता. बसवण्याआधी थर्मल रिस्पॉन्स टेस्ट केली होती का? एका बोअरमध्ये साधारण दोन दिवस ठरावीक उष्णता सोडून जमीन ती किती पुढे नेते ते मोजतात.

रानजाई
तसं काही केल्याचं आठवत नाही. मग आता आणखी बोअर मारायचे का? पार्किंग उकरायचं म्हणजे लॅब बंद.

मृद्गंध
टेकडीवरून, समजावल्याबद्दल आभार. वाचत गेलो तर एक सांगण्यासारखं सापडलं. बोअर मारण्याआधी खाली कुठला खडक आहे ते नक्की बघा. जर्मनीत श्टाउफेन गावात २००७ साली टाउन हॉलजवळ अशाच कामासाठी १४० मीटर खोल बोअर मारले, त्यातून पाणी अॅनहायड्राइट ह्या खनिजाच्या थरात शिरलं. त्याचं जिप्सम होताना तो फुगला, जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून जास्त इमारतींना तडे गेले.

पाणकळा
ते ग्राउटिंग, म्हणजे पाइपभोवतीची पोकळी भरणं, नीट न झाल्यामुळे. बेंटोनाइट मातीने बोअर खालून वरपर्यंत भरला तर एका थरातलं पाणी दुसऱ्या थरात जात नाही. पण भूगर्भ बघावा ह्याबद्दल दुमत नाही.

गेजवाला
लगेच बोअर नकोत. जुन्यांच्या मध्येच मारले तर पैसे पाण्यात. माझ्या मते मशीनमधून जमिनीकडे जाणाऱ्या पाइपवर ड्राय कूलर बसवा. मशीनमधून निघालेलं ५० चं पाणी जमिनीत जायच्या आधी पंख्याच्या हवेवर थोडं गार होईल. दुपारच्या हवेलाही ५० च्या पाण्यातली काही उष्णता घेता येते, रात्री तर बरीच. खरा फायदा थंडीत आहे. हवा गार असलेल्या रात्री पंप आणि कूलर चालू ठेवायचे, जमीन हळूहळू निवते. उघडा कूलिंग टॉवर लावायचा म्हणाले तर मध्ये प्लेट एक्स्चेंजर मागा. टॉवरचं पाणी तुमच्या लूपमध्ये जाता कामा नये.

हे होईपर्यंत दुपारी वरचं घर बंद ठेवून फक्त लॅब चालवा. आणि आत्ताचा गॅस पूर्ण काढून मशीनच्या नावाच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच तोलून भरायला सांगा. गेजवर अंदाजाने नाही.

कोरडवाहूंचा डीसुपरहीटरही करा. गरम पाण्यात गेलेली उष्णता जमिनीत जात नाही, लॅबला धुण्यासाठी ते लागतही असेल.

रानजाई
आज दुपारी वरचं बंद ठेवलं. पाणी ४२ ला थांबलं, एकदाही ट्रिप नाही. बसवणाऱ्यांना हे आकडे पाठवले तर म्हणतात असं कुठे नसतं, जमीन कधी तापत नाही. त्यांना काय सांगू?

गेजवाला
वाद घालू नका. दोन गोष्टी लेखी मागा: लूपचं डिझाइन करताना वर्षाचे कूलिंगचे आणि हीटिंगचे तास किती धरले, आणि येणारं पाणी जास्तीत जास्त किती अंशांवर जाईल असं गृहीत धरलं. उत्तर आलं की इथे टाका, ड्राय कूलर किती मोठा लागेल ते त्यावरून काढू. तोवर रोज सकाळचं तापमान लिहून ठेवा.

कोरडवाहू
ड्राय कूलरचा आवाज रात्री किती येतो? खाली झोपायची खोली असेल तर विचारलेलं बरं.