युटा जॅझ: मार्कानेनला विकायचं की ठेवायचं? (ऑक्टोबर २०२५ मधली चर्चा)

देवरुखकर:
मंडळी, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या २०२५-२६ हंगामातली जॅझची पहिली मॅच भाऊबीजेच्या सकाळी आहे, तोवर हा वाद निकाली काढायचाय. आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, २०२२ मध्ये गोबेअर आणि मिचेल या दोन स्टार खेळाडूंना विकलं तेव्हाच संघ मुळापासून बांधायचं ठरलं होतं, मग लाउरी मार्कानेनला कशाला धरून बसायचं? तो २८ वर्षांचा, नवा पोरगा एस बेली १९ चा. पोरं तयार होईपर्यंत हा तिशी ओलांडणार. आत्ताच त्याच्या बदल्यात पिक (नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधला क्रमांक) घेऊन मोकळं व्हावं आणि अजून एक हंगाम तळाला काढावा. दुसऱ्या तटाचं म्हणणं, २०२२-२३ मध्ये सरासरी २५.६ गुण काढणारा आणि ऑल-स्टारच्या (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या) सुरुवातीच्या पाचात खेळलेला सात फुटी शूटर परत मिळणार कुठून?

मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्यात. मुद्दाम हरून यंदा खरंच काय हाती लागतं? आणि मार्कानेन मैदानावर नेमकं असं काय करतो, जे हायलाइट बघणाऱ्याला दिसत नाही?

हाफकोर्ट_कुडाळ:
आधी हरण्याचं गणित. वरचे पिक तळाच्या संघांना झुकतं माप देणाऱ्या लॉटरीने ठरतात. २०१९ पूर्वी सगळ्यात तळाच्या संघाला पहिल्या पिकची २५ टक्के संधी असायची. आता तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के. १४ चेंडूंतून ४ काढतात, त्याच्या १००१ जुळण्या होतात. एक बाद केली की उरतात १०००, त्यातल्या १४० तळाच्या संघाच्या. लॉटरीने फक्त पहिले चार क्रमांक ठरतात, पुढचे सगळे हार-जितीच्या उलट क्रमाने. त्यामुळे सर्वांत वाईट संघ पाचव्याच्या खाली घसरत नाही हे खरं, पण नेमका पाचवा मिळण्याची शक्यता ४७.९ टक्के आहे. जवळजवळ निम्मी!

मागच्या हंगामात जॅझचं तेच झालं. १७ विजय, ६५ पराभव, फ्रँचायझीच्या इतिहासातली सगळ्यात वाईट कामगिरी, आणि हाती आला पाचवा पिक. पहिल्या पिकवर कूपर फ्लॅगला डॅलसने उचललं, त्यांची संधी होती १.८ टक्के.

आता यंदाचं. जॅझचा २०२६ चा पिक ओक्लाहोमा सिटी संघाला देणं आहे, पण तो पहिल्या आठात आला तर जॅझकडेच राहतो आणि ते देणं कायमचं मिटतं. तुमच्या पहिल्या तटाला हे नीट समजावा: तळापासून चौथा आलेला संघ कितीही नशीब फिरलं तरी आठव्याच्या खाली जाऊच शकत नाही. पाचवा आला तरी नवव्यावर घसरायची शक्यता एक टक्क्याच्या आत. म्हणजे पिक वाचवायला अगदी तळ गाठायची गरजच नाही. तळापासून चौथं राहिलं तर पहिल्या पिकची संधी १४ वरून १२.५ वर येते, पाचवं राहिलं तर १०.५ वर. एवढ्या फरकासाठी आपला सर्वोत्तम खेळाडू घालवायचा?

त्याला बाकावर बसवून हरणंही आता सोपं नाही. मागच्या तीन हंगामांत ऑल-स्टार झालेला खेळाडू लीगच्या सहभाग नियमात येतो. मार्च २०२५ मध्ये मार्कानेनच्याच बाबतीत जॅझला १ लाख डॉलरचा दंड झाला होता.

वेंगुर्ल्याचा_वारा:
तेका विकूचो कशाक? नवी कलमं लावली म्हणून बागेतलं धरतं झाड कुणी तोडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मार्कानेन चेंडू हातात न ठेवता गुण काढतो, आणि बांधणीच्या काळात हाच त्याचा सगळ्यात मोठा उपयोग आहे. संघातली पोरं कियॉन्टे जॉर्ज, आयझाया कॉलियर आणि नवा आलेला वॉल्टर क्लेटन, तिघांनाही चेंडू हातात हवा. चुकत चुकत शिकायला त्यांना तो मिळायलाच हवा. तिथे ताबा मागणारा स्टार असता तर ही तिघं कोपऱ्यात उभी राहिली असती. २०२२-२३ मध्ये मार्कानेनने एकाच हंगामात २०० पेक्षा जास्त थ्री (रेषेबाहेरून तीन गुणांचे शॉट) आणि १०० पेक्षा जास्त डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणं) केले. एनबीएच्या इतिहासात हे आधी कुणालाही जमलं नव्हतं. बचावपटू अंगावर धावून आला तर मागून कट मारून (झटक्यात रिंगकडे धावून) डंक, मागे राहिला तर थ्री. माझ्या मते या जोडीची किंमत अजून कुणी नीट केलेली नाही.

मॅच बघताना एक खेळी मुद्दाम शोधा. कॉलियर मध्यभागी ड्रिबल करतोय, मार्कानेन त्याला स्क्रीन लावायला (बचावपटूची वाट अडवून उभं राहायला) धावत येतो, आणि लावतच नाही. एखादं पाऊल अलीकडूनच रेषेबाहेर सटकतो. स्विचच्या (आपापला माणूस बदलून घ्यायच्या) तयारीत असलेले दोघेही बचावपटू क्षणभर चेंडूकडे बघतात, आणि तेवढ्या वेळात सात फुटी माणसाचा शॉट सुटलेला असतो. हायलाइटमध्ये फक्त शेवटचा शॉट येतो, आधीची धाव कापली जाते. म्हणून तो ‘नुसता शूटर’ वाटतो.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. कॉलियरला बाहेरून शॉट नाही म्हणून त्याच्यावरचा बचावपटू स्क्रीनखालून, म्हणजे रिंगच्या बाजूने जातो. केसलर रिंगजवळचा खेळाडू, त्याच्यावरचा बचावपटू लेनमध्येच, म्हणजे रिंगसमोरच्या पट्ट्यात. दोघं एकत्र खेळले की मार्कानेनच्या कटला जागाच उरत नाही. प्रशिक्षक विल हार्डीने केसलरसोबत जॉर्ज किंवा क्लेटन ठेवावा, आणि कॉलियर असेल तेव्हा सेंटरला (रिंगजवळच्या जागी) फिलिपाउस्की. एनबीएत बचावपटूला नुसतं लेनमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत ती बंदी नाही. तशा भरलेल्या लेनसमोर खेळूनही यंदा युरोबास्केटमध्ये मार्कानेनचा देश फिनलंड पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला, तो याच माणसाच्या जोरावर.

अलिबाग_फास्टब्रेक:
खेळाबद्दल दुमत नाही, पण व्यवहारही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या करारावर सही करताना त्याने तारीख मुद्दाम अशी निवडली की नियमाप्रमाणे सहा महिने विकता येणार नाही आणि फेब्रुवारी २०२५ ची विक्रीची मुदत टळेल. म्हणजे त्याला तिथे राहायचंय. करार २०२८-२९ पर्यंत, यंदाचा पगार ४ कोटी ६० लाख डॉलरच्या पुढे. एवढा पगार जुळवायला समोरच्याला दोन-तीन खेळाडू एकत्र द्यावे लागतात, आणि दुसऱ्या एप्रनच्या (लीगने संघाच्या एकूण पगारावर आखलेल्या वरच्या रेषेच्या) वर असलेल्या संघांना पगार असे एकत्र करताच येत नाहीत. गिऱ्हाईकच कमी, मग भाव कुठून येणार? मागच्या हंगामात त्याची सरासरी १९ वर आली, तीही आत्ता विकलं तर आडवी येते.

पिकांची तर चणचणच नाही. जानेवारी २०२५ मध्ये जॅझने तीन कमी प्रतीचे पहिल्या फेरीचे पिक देऊन फिनिक्स संघाचा २०३१ चा विनाअट पिक घेतला. संघात जागा पंधरा, पोरं आधीच भरपूर. माझं मत: फेब्रुवारीत कुणी दोन विनाअट पिक आणि रूकी करारावरचा (नवख्या खेळाडूच्या पहिल्या करारावरचा) चांगला विंग (कडेने खेळणारा खेळाडू) दिला तरच बोलायचं. त्याखाली फोन उचलायचा नाही.

देवरुखकर:
गणित पटलं. पहिल्या तटाला हा धागाच पाठवतो. एक आणखी विचारू? आपल्याकडे शाळेच्या संघात उंच पोरगा दिसला की त्याला रिंगखाली उभा करतात. त्याला असं धावायला शिकवायचं तर सुरुवात कशी करायची?

मालवण_प्रशिक्षक:
तीन पोरं, एक चेंडू. एक जण वर मध्यभागी चेंडू घेऊन, दुसरा फ्री थ्रो रेषेच्या टोकाला स्क्रीनसाठी, उंच पोरगा रिंगच्या बाजूला. उंच पोराने पहिली दोन पावलं सावकाश चालायची, बचावपटू सैल पडला की जोरात निघायचं आणि स्क्रीनवाल्याच्या खांद्याला खांदा घासून बाहेर पडायचं. मध्ये फट राहिली तर बचावपटू तिथूनच घुसतो. पकडताना हात आधीच वर, आतला पाय आधी टेकवायचा, मग बाहेरचा. बचावपटू मागून येत असेल तर वळसा घेऊन रिंगकडे, स्क्रीनखालून जात असेल तर मागे सरकून शॉट. दोन्ही बाजूंनी दहा-दहा. फिबाची रेषा ६.७५ मीटरवर आहे, पण सुरुवात पाच मीटरवरून करा, नाहीतर पोरं कंबरेतून चेंडू फेकायला लागतात.

दोन चुका हमखास होतात. उंच पोरगा स्क्रीन लागायच्या आधीच निघतो, आणि त्याला गाठायला स्क्रीनवाला हलतो, मग फाउल. स्क्रीनवाल्याने दोन्ही पाय रोवून मूठ वर केली की मगच निघायचं, असा नियम ठेवा. पास देणाऱ्यालाही सांगा, पोरगा मोकळा झाल्यावर नाही, खांदा घासला की लगेच चेंडू सोडायचा.

किनाऱ्याजवळच्या उघड्या कोर्टवर शूटिंग सकाळीच उरकून घ्या. उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि लांबचे शॉट वाहून जातात. आणि पावसाळा नुकताच संपलाय. सिमेंटवर धरलेलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशने घासून काढल्याशिवाय ही कसरत अजिबात करू नका, वळसा घेताना पाय सटकतो आणि गुडघा जातो.