जुनी दगडी शाळा: दुरुस्त करायची की पाडायची?

गिरगावकर: आमच्या भागातली शंभरी ओलांडलेली शाळा स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक ठरली आहे. आता पाडायची भाषा सुरू झाली. माझा याला ठाम विरोध आहे. इमारत वयाने थकलेली नाही, चुकीच्या दुरुस्तीने आजारी पडली आहे. मूळ बांधकाम चुन्यातलं. चुना ओल बाहेर सोडतो. मागे कोणीतरी दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या, आतून ऑइल पेंट फासला. पावसाचं पाणी भिंतीत कोंडलं. खिडकीजवळ हात फिरवून पाहा: सिमेंट जसंच्या तसं, आणि शेजारचा पोरबंदरी दगड पिठासारखा बोटांना लागतो. शिवाय ऑडिटला आलेल्यांनी भिंतीवर रिबाउंड हॅमर चालवला. ती काँक्रीटची चाचणी. दगड-चुन्याच्या भिंतीबद्दल ती काय सांगणार?

दोन_मुलांची_आई: चाचणी कुठलीही असो, पोपडा पोराच्या डोक्यात पडला तर जबाबदार कोण? लाकडी जिना एकच, लिफ्ट नाही. व्हीलचेअरवरचं मूल पहिल्या मजल्यावर जाणार कसं? तुम्हाला कमानी दिसतात, मला वर्गात बसलेलं लेकरू दिसतं.

गिरगावकर: ताई, लिफ्ट आणि दुसरा जिना मागच्या अंगाला जोडता येतो. मुंबई विद्यापीठाचं १८७४चं दीक्षान्त सभागृह बघा. नीट जीर्णोद्धार झाला, २००७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

माजी_विश्वस्त: ते सभागृह! तिथे रोज चाळीस पोरं बाकं सरकवत नाहीत. आणि पैसा? टेंडर सर्वांत कमी बोलीला जातं. घाण्यावर मळलेला चुना वापरणारा कारागीर त्या भावात मिळत नाही, मग पुन्हा सिमेंटच येतं. त्यात गिरगावची कुटुंबं विरार-डोंबिवलीला गेली, मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडले. नव्या इमारतीत दोन मजले भाड्याने दिले तर शिक्षकांचे पगार तरी निघतील. शाळा वाचवायची की भिंती?

गिरगावकर: रोजच्या वर्गांचं म्हणाल तर सेंट झेवियर्स कॉलेज आणि जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या जुन्या इमारतींत ते भरतातच. पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. पण इमारत वारसा यादीत असेल तर न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, विकून जतनाला पैसा उभा करायची तरतूद आहे. विश्वस्तांनी तसा अर्ज तरी केला का? भाड्याच्या मजल्यांचं गणित मला पटत नाही. आधी मैदानावर पार्किंग येतं, मग शाळा एका मजल्यावर उरते.

माजी_विश्वस्त: अर्ज झालेला नाही, हे मान्य. पण परवानग्यांना वर्षं लागतात, तोवर छप्पर थांबणार आहे का?

गिरगावकर: छताला आजच टेकू द्या, पन्हळी साफ करा, भिंतीतला पिंपळ मुळासकट काढा. याला कोणाची वाट पाहायची? आणि जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरं ऑडिट करून घ्या.

दोन_मुलांची_आई: दुसऱ्या ऑडिटला माझी हरकत नाही. पण अहवाल येईपर्यंत त्या इमारतीत एकही वर्ग भरता कामा नये. जूनमध्ये शाळा उघडते; मुलं कुठे बसणार, ते आधी लेखी द्या.