कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, तरी

नेरुळच्या ताईंनी वर लिहिलंय की लेकीला क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारा, दीर्घकाळचा आजार) आहे, पण कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून रक्तवाहिन्यांची काळजी मिटली. ताई, या आजारात तो आकडा फसवा असतो. आतड्याची सूज भडकलेली असताना कोलेस्टेरॉल उलट कमीच दिसू शकतं. खरी भानगड सुजेची. तिची रसायनं रक्तातून अंगभर फिरतात, रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर बिघडवतात आणि वाहिनी हवी तशी सैलावत नाही. हे हळूहळू घडतं, त्यामुळे मानेच्या धमनीची सोनोग्राफी करायला लगेच ठाण्याला धावू नका; मुलांमध्ये ती मुख्यतः संशोधनापुरतीच. सीआरपी (रक्तातून सूज दाखवणारी तपासणी) आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) आटोक्यात राहतंय ना, ते बघा. स्टिरॉइड चालू असेल तर रक्तदाबही. रक्तदाब मोजायचा पट्टा मात्र मुलीच्या दंडाच्या मापाचाच मागून घ्या, मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा कमी येतो.

मुलांमध्ये क्वचित, पण तातडीची गोष्ट म्हणजे रक्ताची गुठळी. आजार उफाळलेला असताना एकच पाय सुजला, अचानक धाप लागली किंवा उलट्यांसह डोकेदुखी थांबेना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीचा धोका वाढतो, म्हणून जुलाबात ओआरएस चुकवू नका, ऑक्टोबरच्या उकाड्यात तर नाहीच.