सोलापूर पूर्व भाग : अव्वांचा अंगठा उठत नाही, संस्था कागदं मागतेय. द्यावीत का?

पुण्यातली_सोलापूरकर
माझं माहेर अशोक चौकाच्या मागे. तिथे शेजारी एक अव्वा, म्हणजे तेलुगू आजी, राहतात. आधारवर वय ६९. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, पण कारखान्याचं कार्ड नणंदेच्या नावावर होतं, त्यामुळे पीएफ नाही की पेन्शन नाही. मुलगा यंत्रमागावर होता, गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेला. आता घरात अव्वा, सून आणि दोन नातवंडं, एक सातवीत, एक चौथीत.

दोन महिने रेशन मिळालेलं नाही. दुकानदार म्हणतो, अंगठा उठत नाही, केवायसी राहिलीय. भागातल्याच एका छोट्या संस्थेचं नाव कुणीतरी सांगितलं म्हणून माझी आई अव्वांना रिक्षाने तिकडे घेऊन गेली. मला वाटलं तांदूळ, तेल, डाळ असं किट तरी देतील. काही दिलं नाही. उलट यादीच हातात ठेवली: सगळ्यांची आधार, रेशनकार्ड, मुलाच्या मृत्यूचा दाखला, पासबुक, नातवंडांचे बोनाफाईड. अव्वा घाबरल्यात. त्यांना वाटतंय, सही केली की घर जाईल. खरं सांगायचं तर मलाही शंका आली. मी महिन्याला दोन हजार पाठवू शकते. मग ही कागदं कशाला? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

शेंगाचटणी
देऊ नका. आमच्या गल्लीत एक किट द्यायला सहा जण आले होते आणि फोटोत सातवा नगरसेवक. आजी दिसतच नव्हत्या, नुसती पिशवी दिसत होती.

निवृत्त_टपालवाला
शेंगाचटणी, तो फोटो मीही पाहिलाय, दर दिवाळीला नवा निघतो. पण जी संस्था पहिल्या दिवशी पिशवी न देता कागद मागते, तिच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो. का ते सांगतो.

मी ३४ वर्षं टपाल खात्यात काढली. निराधारांच्या मनीऑर्डरी वाटल्यात. आता अशाच एका छोट्या संस्थेत मंगळवारी आणि शुक्रवारी टेबलावर बसतो. तुम्ही म्हणताय ती हीच की दुसरी, ठाऊक नाही. टेबल म्हणजे शाळेचा जुना बाक. वर एक स्टॅपलर आणि शाईचा डबा.

आधी अंगठ्याचं. ताई, पुढच्या वेळी सोलापूरला आलात की अव्वांचं बोट हातात घेऊन बघा. पान भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा गुंडाळा, असं दिवसाला हजारभर विड्यांसाठी. अशा बोटावर रेघ उरत नाही. झिजलेल्या चार आण्यासारखं गुळगुळीत होतं ते. मशीन तरी काय ओळखणार? त्यामुळे दुकानदार खोटं बोलत नसेल, पण अर्धवट बोलतोय. केवायसी आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते. आणि धान्य उचलायला कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा चालतो, अव्वांचाच लागतो असं नाही. तेव्हा सुनेचं नाव या कार्डावर चढलंय का ते आधी बघा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत लग्नाला बारा-पंधरा वर्षं होऊनही सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर असतं.

कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे चौघांचं २० किलो, तेही फुकट. अंत्योदय असेल तर कार्डाला ३५ किलो. कुठली संस्था दर महिन्याला एवढं किट देणार आहे?

आता यादीतला एकेक कागद कशासाठी ते बघा. अव्वांचं वय ६५च्या वर आहे, म्हणजे श्रावणबाळ योजना, महिन्याला १,५०० रुपये. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि मर्यादा आहे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजार. महिन्याला १,७५० झाले. चौघांचं घर त्यात कसं चालवायचं ते नियम लिहिणाऱ्यालाच विचारा. सून विधवा आहे, तिला संजय गांधी निराधारमधून १,५०० मिळू शकतात. पण तिला लाडक्या बहिणीचे पैसे येत असतील तर दोन्हीकडून घेता येत नाहीत. तिथे लपवाछपवी करू नका, पुढे वसुली लागली की अजून पंचाईत. नातवंडांसाठी बालसंगोपन योजना, दर मुलाला महिन्याला २,२५०. बोनाफाईड त्यासाठी मागितलेत. ही मात्र आठवड्यात होणारी गोष्ट नाही. घरी चौकशीला येतात, मग बालकल्याण समितीचा आदेश निघतो, धीर धरावा लागतो. मृत्यूचा दाखला तर सगळीकडेच लागेल. मुलगा साठीच्या आतला होता आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजारही विचारून घ्या.

तुमचे दोन हजार चांगलेच आहेत, नाही म्हणू नका. फक्त ते किटावर घालण्यापेक्षा तहसीलच्या खेपांवर घाला. रिक्षा, झेरॉक्स, आणि सून कामाला जात असेल तर तिचा बुडालेला रोज. अर्ज नाकारला जाण्याआधी माणूस दमतो, ते इथेच दमतो.

आणि एक, नावं. पूर्व भागातला हा कायमचा घोळ आहे. आधारवर नरसम्मा, रेशनकार्डावर नरसव्वा, पासबुकात तिसरंच काहीतरी. आडनावाचं तर विचारूच नका, तेलुगू आडनाव मराठी कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. नाव जुळलं नाही की अर्ज मंजूर होऊनही पैसा लटकतो. म्हणून पासबुक पाहायला मागितलंय.

रेघवाली
काकांनी सांगितलं ते बरोबर, पण सावधही राहा. प्रत्येक झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'श्रावणबाळ अर्जासाठी' असं लिहा, खाली तारीख. मूळ कागद कुणाकडे ठेवायला देऊ नका. ओटीपी कुणी मागितला तर सरळ उठून या. संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. खरी असेल तर राग येत नाही, भिंतीवरची नोंदणीची चौकट दाखवतात. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नको. अव्वांची घराची भीती उगाच नाही, आमच्या आजोळी तसं घडलंय. आणि तहसीलला दाद लागत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाईन आहे, १४५६७. फोन फुकट आहे.

पुण्यातली_सोलापूरकर
शनिवारी जाऊन आले. बोट बघितलं, काका. मी लहान असताना त्या सुपातलं पान माझ्या हातात देऊन कात्री धरायला शिकवायच्या, तेव्हा कधी लक्षातच आलं नाही.

संस्थेच्या भिंतीवर चौकट होती, क्रमांकही लिहून घेतला. सुनेचं नाव खरंच कार्डावर नव्हतं! आणि जो गेला त्याचं नाव अजून आहे. चेहऱ्याची केवायसी तिथल्या मुलीने करून दिली, तिसऱ्या प्रयत्नात झाली. अव्वा पापणी मिटेनात. मशीन म्हणतं डोळे मिचकवा, आणि या फोटोला बसल्यासारख्या ताठ! शेवटी त्या मुलीने तेलुगूत काहीतरी सांगितलं तेव्हा हसल्या आणि मिटली पापणी.

घर जाणार नाही हे मात्र अजून पटलेलं नाही. प्रत्येक कागद आधी मला वाचून दाखवायला लावतात.

बुधवारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जायचंय. मी पुण्यात, आई सोबत जाईल. काही विसरायला नको म्हणून विचारते.

निवृत्त_टपालवाला
वाचून दाखवायला लावतात ना, लावू देत. आमच्याकडे तर मी स्वतःच वाचतो.

बुधवारी सुनेलाही न्या, स्वयंघोषणापत्रावर तिची सही लागली तर दुसरी खेप नको. अव्वांच्या वयाला आधारवर नुसतं साल असेल किंवा १ जानेवारी असेल तर तिथे अडवतात. मतदार यादीचा उतारा काढून ठेवा. तोही नसेल तर सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला घ्यावा लागेल, पण ते नंतर. दोन फोटो. पाण्याची बाटली, अकरानंतर तिथे बसायला सावली नसते. अर्ज दिला की पोच घ्या. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणाले तर थांबा, पण पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोचेचा फोटो आईंना तिथूनच पाठवायला सांगा.

शेंगाचटणी
पोचेचा फोटो चालेल. त्यात सातवा कुणी घुसवू नका म्हणजे झालं.